विटेनबर्गच्या गढीतले चर्च

मार्टिन ल्यूथरची आणि आपली पहिली भेट बहुधा शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात होते. काळ्या झग्यातला एक संन्यासी, हातात हातोडा, समोर चर्चचे भले थोरले दार आणि त्या दारावर खिळ्यांनी ठोकलेला कागद. चित्राखाली तारीख असते, ३१ ऑक्टोबर १५१७. एवढे पाठ केले की 'युरोपातील धर्मसुधारणा' या प्रश्नाचे निम्मे गुण पदरात पडत. तो संन्यासी कोण होता, हे पुढे कोणी कोणी वाचतो. कागदात काय लिहिले होते, याचीही थोडीफार चौकशी होते. पण ते दार कोणाच्या घरचे, ते चर्च कोणी व कशासाठी बांधले, आणि आज तेथे काय उरले आहे, हे विचारण्यासाठी सहसा कोणी थांबत नाही. खरी मौज तर तेथेच आहे. ज्या व्यवहाराविरुद्ध त्या कागदाने तोंड उघडले, त्याच व्यवहाराचे ते चर्च जर्मनीतले एक मोठे ठाणे होते.

विटेनबर्ग हे एल्ब नदीच्या काठचे गाव. बर्लिनहून लाइप्झिगकडे जाताना मधल्या वाटेवर लागते. आज त्याचे अधिकृत नावच 'ल्यूथरनगर विटेनबर्ग' असे आहे. पण इसवी सन १५०० च्या सुमारास ते दोन-अडीच हजार वस्तीचे, वाळवंटी जमिनीवरचे एक सामान्य खेडेवजा शहर होते. त्याला मोठेपण आले ते भाऊबंदकीमुळे. सॅक्सनीच्या राजघराण्यात १४८५ साली वाटणी झाली. एर्न्स्ट आणि आल्ब्रेख्ट या दोन भावांनी मुलूख वाटून घेतला. जर्मन सम्राटाच्या निवडणुकीत मत देण्याचा जो मान सात जणांनाच होता, तो 'इलेक्टर'पणाचा मान थोरल्या पातीकडे राहिला. पण लाइप्झिगचे भरभराटीचे शहर आणि तेथले जुने विद्यापीठ गेले धाकट्या पातीकडे. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची चुरस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यापुढची गोष्ट निराळी सांगायला नको. थोरल्या पातीचा वारस फ्रेडरिक १४८६ साली गादीवर आला आणि आपल्या पदाला शोभेल अशी राजधानी उभारण्याच्या मागे लागला. इतिहासात त्याला 'शहाणा फ्रेडरिक' म्हणतात. तो लढायांपासून दूर राहिला आणि वाटाघाटींत पटाईत होता, म्हणून हे नाव.

त्याने विटेनबर्गची जुनी गढी पाडून नवी बांधायला घेतली. जर्मन भाषेत अशा वास्तूला 'श्लॉस' म्हणतात. ती धड किल्ला नव्हे आणि धड राजवाडाही नव्हे. आपल्याकडच्या सरदारांच्या गढीशीच तिचे नाते अधिक जवळचे. मधल्या चौकाच्या तिन्ही बाजूंना इमारतीची तीन अंगे, कोपऱ्यांवर जाडजूड गोल बुरूज, आणि या तीन अंगांपैकी उत्तरेचे अंग म्हणजेच चर्च. ते गढीच्या आवारात वेगळे उभे नव्हते; गढीच्याच भिंतीत गुंफलेले होते. राजाच्या दालनातून निघावे आणि उन्हापावसाला न लागता प्रार्थनेला जाऊन बसावे, अशी सोय होती. कोनराड फ्लूगर या स्थपतीकडे हे काम होते. १४९६ च्या सुमारास चर्चचा पाया पडला आणि १७ जानेवारी १५०३ रोजी पोपचा प्रतिनिधी कार्डिनल पेरोदी याच्या हस्ते त्याची प्रतिष्ठापना झाली. त्यानंतरही काही वर्षे काम चालूच होते. रचना साधी होती. मोठ्या चर्चचा आराखडा सामान्यतः क्रुसासारखा असतो, तसा आडवा भाग येथे नाही. एकच लांबट सभामंडप, वर दगडी कमानींच्या फासळ्यांचे जाळीदार छत, बाजूंना सज्जे. नाव ठेवले 'सर्व संतांचे चर्च'. हे नाव जुन्या गढीतल्या प्रार्थनागृहाचेच होते.

नावात सर्व संत होते, आणि फ्रेडरिकने ते नाव अक्षरशः खरे करायचा चंग बांधला. संतांच्या अस्थी, केस, दात, वस्त्रांचे तुकडे असे अवशेष जमवण्याचा त्याला विलक्षण नाद होता. बुद्धाच्या धातूंवर स्तूप उभारणाऱ्या देशातल्या आपल्याला ही भावना परकी वाटायला नको. जुन्या गढीत एक अवशेष पूर्वीपासून होता. येशूच्या काटेरी मुकुटातला एक काटा चौदाव्या शतकात फ्रान्सच्या राजाकडून तेथे आला होता, असे सांगत. फ्रेडरिक स्वतः १४९३ साली पॅलेस्टाइनची यात्रा करून आला, तो संत ॲनच्या अंगठ्याचे हाड घेऊन. मग त्याची माणसे युरोपभर हिंडू लागली. येशूच्या जन्माच्या गोठ्यातली गवताची काडी, मरियेच्या दुधाचे थेंब, मोझेसला दिसलेल्या जळत्या झुडपाचा तुकडा, शेवटच्या भोजनातली भाकर, अशा वस्तू त्या संग्रहात नोंदलेल्या आहेत. प्रत्येकीसाठी सोन्याचांदीचे, स्फटिकाचे करंडे घडवले. १५०९ साली राजाचा चित्रकार लुकास क्रानाख याने या करंड्यांच्या चित्रांचे, शंभरावर लाकडी ठशांचे पुस्तकच छापले. त्या वर्षी मोजदाद ५,००५ होती. पुढच्या अकरा वर्षांत ती एकोणीस हजारांवर गेली.

हा संग्रह नुसता हौसेचा नव्हता. ठरावीक दिवशी ते अवशेष लोकांपुढे मांडत, आणि जो भक्तिभावाने त्यांचे दर्शन घेईल व दान टाकील त्याला पोपच्या अधिकाराने पापदंडातून सूट मिळे. मेल्यानंतर स्वर्गात जाण्यापूर्वी आत्म्याला शुद्धिस्थानात जाळ सोसावा लागतो, त्या मुदतीतली ही सूट. सगळ्या अवशेषांची सूट एकत्र केली तर १५२० साली ती एकोणीस लाख वर्षांच्या घरात जात होती! आपल्या पुराणांतल्या कालगणनेची सवय असलेल्या माणसालाही हा आकडा ऐकून क्षणभर थबकायला होईल. चर्चमध्ये वर्षाला नऊ हजारांच्या आसपास मिसा म्हटल्या जात. त्यासाठी पगारी पाद्र्यांचा तांडा ठेवलेला होता. वर्षभरात जळणाऱ्या मेणबत्त्यांचा हिशोबही सापडतो, तो चाळीस हजारांच्या पुढे जातो. दिवाळीत दारोदार पणत्या लावणाऱ्या आपल्या डोळ्यांपुढे ते दृश्य सहज उभे राहील. दगडी छताखाली मिणमिणणाऱ्या शेकडो ज्योती, त्यांत चमकणारे सोन्याचे करंडे, मेणाचा दरवळ आणि रांगेने पुढे सरकणारे खेडूत.

दर्शनाचा मोठा दिवस सर्व संतांच्या सणाचा, म्हणजे १ नोव्हेंबरचा. ३१ ऑक्टोबर ही त्याची पूर्वसंध्या. शाळेत पाठ केलेल्या तारखेचा अर्थ येथे लागतो.

लाइप्झिगचे विद्यापीठ हातचे गेले होते, म्हणून फ्रेडरिकने १५०२ साली विटेनबर्गला नवे विद्यापीठ काढले. त्याला वेगळे सभागृह बांधण्यापेक्षा गढीतले चर्चच विद्यापीठाला जोडून दिले. पदवीदान तेथे, वादसभा तेथे, मोठ्या पंडितांचे दफनही तेथेच. ऑगस्टिनियन पंथाच्या मार्टिन ल्यूथर नावाच्या एका तरुण संन्याशाला ऑक्टोबर १५१२ मध्ये डॉक्टर ही पदवी मिळाली तीही याच चर्चमध्ये. चर्चचे उत्तरेचे दार गावातल्या रस्त्याकडे उघडत असे, आणि विद्यापीठाच्या सूचना लावण्याचा फळा म्हणून त्याचा उपयोग होई. कोण कोणत्या विषयावर वाद करणार, कोणाचे व्याख्यान कधी, ही पत्रके तेथे लागत. तेव्हा त्या दारावर कागद लावणे यात स्वतःमध्ये बंड असे काहीच नव्हते. आजच्या कॉलेजातल्या नोटीस बोर्डावर कागद डकवण्याइतकीच ती रोजची गोष्ट होती.

कागदातला मजकूर मात्र रोजचा नव्हता. रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी पापक्षमापत्रांची विक्री जोरात चालू होती. टेट्झेल नावाचा पाद्री त्यासाठी जर्मनीत फिरत होता, आणि जमा झालेल्या पैशातला निम्मा वाटा माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याच्या कर्जफेडीकडे वळत होता. फ्रेडरिकने आपल्या मुलखात टेट्झेलला पाऊल टाकू दिले नाही. कारण धर्माचे नव्हते, व्यवहाराचे होते. त्याच्या स्वतःच्या अवशेषांची यात्रा ओस पडली असती. तरीही विटेनबर्गचे लोक सरहद्द ओलांडून युटेरबोगला जात, पत्रे विकत घेत आणि आपल्या पापांची कबुली ऐकणाऱ्या ल्यूथरपुढे ती फडकावत. आता पश्चात्तापाची गरज काय, असा त्यांचा सवाल. त्यावर ल्यूथरने लॅटिनमध्ये पंचाण्णव विधाने लिहिली. टेट्झेलचे नाव न घेताही ती त्याच्यावर होती. आणि राजाचे नाव न घेताही राजाच्या चर्चमध्ये दुसऱ्या दिवशी जे घडायचे होते, त्याच्यावरही होती. राजाचे मीठ खाणाऱ्या प्राध्यापकाने हे लिहावे आणि राजाने पुढे जन्मभर त्याचे रक्षण करावे, याला काय म्हणायचे? ही दोन माणसे एकमेकांशी कधी समोरासमोर बोलल्याचा दाखला नाही. सारे व्यवहार राजाचा चिटणीस श्पालाटीन याच्यामार्फत चालत.

आता हातोड्याकडे वळू. त्या दिवशी ल्यूथरने आर्चबिशप आल्ब्रेख्टला पत्र लिहून आपली विधाने सोबत धाडली, हे निश्चित. ३१ ऑक्टोबर १५१७ ही तारीख असलेले ते पत्र आज स्वीडनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहे. परंतु आपण दारावर कागद ठोकला, असे ल्यूथरने पुढच्या आयुष्यात कधी म्हटलेले आढळत नाही. आणि तो काही कमी बोलणारा मनुष्य नव्हता. दाराची हकीगत प्रथम ठळकपणे सांगितली ती त्याचा सहकारी मेलांख्टन याने, १५४६ मध्ये, ल्यूथरच्या मृत्यूनंतर. मेलांख्टन विटेनबर्गला आला १५१८ मध्ये, म्हणजे तो काही साक्षीदार नव्हे. १९६१ साली एर्विन इझरलो या कॅथलिक इतिहासकाराने स्पष्टच विचारले की हे ठोकणे मुळात घडले तरी का? त्यावर जर्मन पंडितांत मोठे रण माजले. २००६ साली ल्यूथरचा लेखनिक रोएरर याच्या हातची एक जुनी टीप चर्चेत आली. तीत विधाने विटेनबर्गच्या चर्चांच्या दारांवर लावली असे म्हटले आहे. 'दारांवर', अनेकवचनी. विद्यापीठाचा नियमही तसाच होता, सूचना गावातल्या सर्व चर्चांच्या दारांवर लावायची. पण रोएररही त्या वर्षी गावात नव्हता.

माझे मत विचाराल तर कागद लागला असावा, पण चित्रातल्यासारखा नव्हे. नियमाप्रमाणे पत्रके लावणे हे विद्यापीठाच्या शिपायाचे काम. हातोडा कोणाच्या हातात असलाच तर त्याच्या असेल. १६१७ साली शंभराव्या वर्षी जे गाजलेले चित्र छापले गेले, त्यातही ल्यूथरच्या हातात हातोडा नाही. भली लांबलचक पिसाची लेखणी आहे, तिने तो दारावरच लिहितो आहे आणि लेखणीचे दुसरे टोक थेट पोपच्या मुकुटापर्यंत पोचले आहे. हातोडा आला तो पुढच्या शतकांत. आणि खरे पाहता दाराने जग हलवलेच नाही. ते छापखान्याने हलवले. १५१७ संपण्याच्या आत न्युरेंबर्ग, लाइप्झिग आणि बाझेल येथे ती विधाने छापून निघाली होती.

पुढे त्या चर्चचे काय झाले? १५२१ च्या नाताळात ल्यूथर गावात नव्हता; सम्राटाच्या हुकुमामुळे तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून होता. तेव्हा त्याचा सहकारी कार्लश्टाट याने याच चर्चमध्ये साध्या कपड्यांत, प्रसादाचे शब्द जर्मन भाषेत उच्चारून उपासना केली आणि भाकरीबरोबर द्राक्षारसही सर्वांना दिला. रस पाद्र्यांपुरता राखून ठेवण्याची तोवरची प्रथा त्याने एका दिवसात मोडली. ल्यूथरला ही घाई रुचली नाही. मार्च १५२२ मध्ये परतल्यावर त्याने गाडी थोडी मागे घेतली. पण उतार लागला होता. त्या दशकात अवशेषांची यात्रा बंद पडली, हजारो मिसा थांबल्या, मेणबत्त्या विझल्या. फ्रेडरिक ५ मे १५२५ रोजी वारला. आयुष्यभर अवशेष जमवणाऱ्या या राजाने मरणशय्येवर भाकर आणि रस दोन्ही घेतले. आपण कोणत्या बाजूचे, हे त्याने एवढ्यानेच सांगितले. सोन्याचांदीचे करंडे यथावकाश वितळले. त्या संग्रहातला एक काचेचा पेला मात्र आज कोबुर्गच्या किल्ल्यात दाखवतात. संत एलिझाबेथचा म्हणून तो राजाकडे होता, आणि पुढे तो ल्यूथरच्या घरी गेला असे सांगतात.

रिकाम्या झालेल्या चर्चमध्ये थडगी आली. फ्रेडरिकचे ब्राँझचे स्मारक १५२७ साली न्युरेंबर्गच्या धाकट्या पीटर फिशरने ओतले. इलेक्टरचा पायघोळ झगा, हातात उभी तलवार, रुंद चेहऱ्यावर थोडा थकवा. जर्मन ब्राँझकामाचा हा अव्वल नमुना समजतात. अठरा फेब्रुवारी १५४६ रोजी ल्यूथर आपल्या जन्मगावी, आइसलेबेनला वारला आणि चार दिवसांनी त्याला येथे, व्यासपीठाजवळ पुरले. समोरच्या बाजूला १५६० साली मेलांख्टन आला. ल्यूथरची पत्नी काटारीना मात्र त्याच्याजवळ नाही. प्लेगच्या भयाने विटेनबर्ग सोडून जाताना तिला अपघात झाला, १५५२ मध्ये टोरगाऊला ती वारली आणि तेथल्या गावच्या चर्चमध्येच तिचे दफन झाले.

टोरगाऊचे नाव निघालेच आहे, तर तेथली गढीही पाहून घ्यावी. विटेनबर्गहून नदीच्या उगमाकडे पन्नासेक किलोमीटरवर हे गाव आहे. तेथल्या हार्टेनफेल्स गढीत निकेल ग्रोमान या स्थपतीने एक प्रार्थनागृह बांधले आणि ५ ऑक्टोबर १५४४ रोजी ल्यूथरने स्वतः तेथे पहिले प्रवचन देऊन ते सुरू केले. नव्या पंथासाठी मुळापासून बांधलेले पहिले चर्च म्हणून त्याचा मान आहे. बाहेरून ते चर्च आहे हे ओळखूही येत नाही. गढीच्या भिंतीतल्या खिडक्यांसारख्याच खिडक्या. आत लांबट चौकोनी दालन, सभोवार दुमजली सज्जे, आणि लांब भिंतीच्या मध्यावर प्रवचनाचे व्यासपीठ. वेदी म्हणजे देवदूतांच्या मूर्तींनी पेललेले एक साधे दगडी मेज. अवशेषांसाठी कोनाडा नाही, संतांसाठी बाजूच्या वेद्या नाहीत. पवित्र पाणी शिंपडणे नाही, धूप नाही. उपदेश ऐकणे आणि मिळून गाणे, एवढ्यानेच वास्तू पावन होते, असे ल्यूथरने त्या दिवशी लोकांना समजावले. डोळ्यांसाठी बांधलेले देऊळ आणि कानांसाठी बांधलेले देऊळ यांतला फरक ज्याला पाहायचा असेल, त्याने विटेनबर्गचा मूळ आराखडा आणि टोरगाऊचे दालन शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

पुन्हा विटेनबर्गकडे. १५४७ मध्ये म्युलबर्गच्या लढाईत प्रॉटेस्टंट पक्षाचा मोड झाला आणि कॅथलिक सम्राट पाचवा चार्ल्स विजयी होऊन गावात आला. ल्यूथरचे प्रेत उकरून जाळा, असे बरोबरच्यांनी सुचवले. आपले युद्ध जिवंतांशी आहे, मेलेल्यांशी नाही, असे म्हणून त्याने ते नाकारले, अशी कथा जर्मनीत घरोघर सांगतात. कथा खरी असो वा नसो, थडग्याला धक्का लागला नाही हे खरे. धक्का लागला तो गादीला. इलेक्टरपण आणि विटेनबर्ग दोन्ही धाकट्या पातीकडे गेले. थोरल्या पातीने मागे सरकून येना येथे नवे विद्यापीठ काढले. ल्यूथरच्या थडग्यासाठी एर्फुर्टमध्ये ओतलेला ब्राँझचा मोठा पत्रा, ज्यावर त्याची पूर्णाकृती आहे, तो या धामधुमीत विटेनबर्गला पोचलाच नाही. येनाच्या चर्चमध्ये तो आजही आहे. विटेनबर्गला १८९२ साली त्याची नक्कल आली. मूळ थडग्यावर एक लहानसा लॅटिन लेख तेवढा आहे, आणि त्यात मृत्युसमयीचे वय त्रेसष्ट वर्षे, दोन महिने, दहा दिवस असे दिले आहे. आज मान्य असलेल्या जन्मतारखेने हिशोब केला तर त्रेसष्टावे नुकते लागले होते! ल्यूथरला स्वतःलाही आपल्या जन्मवर्षाची खात्री नव्हती.

मग आले सप्तवार्षिक युद्ध. ऑक्टोबर १७६० मध्ये विटेनबर्ग प्रशियन फौजेच्या ताब्यात होते आणि बाहेरून सम्राटाच्या पक्षाच्या सैन्याने तोफा डागल्या. गढीला आग लागली. चर्चचे छत कोसळले, सज्जे, वेद्या, पुस्तके, चित्रे जळाली, आणि ते लाकडी दारही जळून गेले. ज्या दाराच्या चित्राने जगातल्या शाळांची पुस्तके भरली आहेत, त्याची एक फळीसुद्धा उरली नाही. ब्राँझचे फ्रेडरिक आणि जमिनीखालचे दोन मित्र तेवढे वाचले. ड्युररने या चर्चसाठी १५०४ साली रंगवलेले 'मागींचे वंदन' हे चित्रही वाचले, पण ते आधीच विटेनबर्गबाहेर गेल्यामुळे. सॅक्सनीच्या एका इलेक्टरने ते सम्राटाला नजर केले होते. आता ते फ्लॉरेन्सच्या उफ्फित्सी संग्रहात आहे.

पडके चर्च दहा वर्षांत कसेबसे पुन्हा उभे केले. छत साधे, भिंती साध्या. नेपोलियनच्या युद्धांत त्यालाही गोळे लागले. १८१५ मध्ये गाव प्रशियाकडे गेले, आणि १८१७ साली विद्यापीठही हाल्लेच्या विद्यापीठात विलीन झाले. विटेनबर्गला ना राजा राहिला ना विद्यार्थी. उरली ती एक आठवण, आणि त्या आठवणीची आता प्रशियाच्या राजांना गरज होती. प्रॉटेस्टंट जर्मनीचे पुढारीपण त्यांना हवे होते. चौथ्या फ्रेडरिक विल्यमने जळालेल्या दाराच्या जागी ब्राँझचे दार बसवले आणि त्यावर पंचाण्णवही विधाने लॅटिनमध्ये उठवली. १० नोव्हेंबर १८५८ रोजी, ल्यूथरच्या ३७५ व्या जयंतीला, ते खुले झाले. वरच्या कमानीत क्रुसावरचा येशू आणि दोन्ही बाजूंना गुडघे टेकलेले ल्यूथर व मेलांख्टन असे सोनेरी पार्श्वभूमीवरचे चित्र आहे. आज प्रवासी ज्या दारापुढे उभे राहून छायाचित्र काढतात ते हे दार. त्यावर आता कोणाला काही ठोकता येणार नाही!

एवढ्यावर भागले नाही. १८८५ ते १८९२ या काळात फ्रीडरिख आडलर या स्थपतीने सारे चर्च नव्याने सजवले. फ्लूगरच्या वेळी होते त्यापेक्षाही अधिक 'मध्ययुगीन' दिसेल असे जाळीदार छत त्याने केले. गढीचा जुना बुरूज उंचावून ८८ मीटरचा मनोरा केला आणि त्याच्या माथ्याभोवती मोठमोठ्या अक्षरांत ल्यूथरच्या सुप्रसिद्ध स्तोत्राचे आरंभीचे शब्द बसवले. त्या स्तोत्रात देवाला गढीची उपमा आहे, तेव्हा गढीच्या बुरुजावर ते शोभतेही. आत खांबांपाशी नऊ धर्मसुधारकांचे दगडी पुतळे उभे केले, भिंतींवर सरदारांची आणि शहरांची कुलचिन्हे लावली, आणि सम्राटासाठी खास आसन ठेवले. ३१ ऑक्टोबर १८९२ रोजी दुसऱ्या विल्यम कैसरच्या उपस्थितीत थाटाचा समारंभ झाला.

आडलरचे काम कसबी आहे, यात वाद नाही. पण त्या पुतळ्यांच्या रांगेकडे पाहताना मनात काहीतरी खटकते. पूर्वी जेथे संत उभे होते तेथेच हे नवे संत आले की! अस्थींच्या करंड्यांऐवजी दोन थडगी, काट्याच्या जागी एका दाराची आठवण, आणि १ नोव्हेंबरच्या यात्रेऐवजी आदल्या दिवसाची यात्रा. ल्यूथरने आपल्या अनुयायांना कळकळीने सांगितले होते की माझ्या नावाचा पंथ काढू नका, मी कोण? त्याचे ऐकले कोणी नाही. माणसाला हात लावायला, नमस्कार करायला, फुले ठेवायला काहीतरी जागा लागते, आणि ती एका दारातून बाहेर घालवली तर दुसऱ्या दारातून परत येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर विटेनबर्ग पूर्व जर्मनीत गेले. धर्माला अफू समजणाऱ्या त्या राजवटीनेही १९८३ साली ल्यूथरची पाचशेवी जयंती मोठ्या प्रमाणावर साजरी केली. त्या वर्षी चर्चमध्ये युरोपातल्या इतर धर्मसुधारकांच्या चित्रांच्या नव्या रंगीत काचाही बसल्या. जर्मनी एक झाल्यावर, १९९६ मध्ये, युनेस्कोने विटेनबर्ग व आइसलेबेन येथल्या ल्यूथरच्या वास्तू जागतिक वारशाच्या यादीत घातल्या. पाचशेव्या वर्षाच्या तयारीसाठी पुन्हा मोठी दुरुस्ती झाली आणि २ ऑक्टोबर २०१६ रोजी चर्च उघडले. त्या दिवशी डेन्मार्कची तेव्हाची राणी दुसरी मार्ग्रेटे हजर होती, आणि वेदीवर घालायचे तांबडे वस्त्र तिने स्वतः आखून भेट दिले होते.

डेन्मार्कच्या राजघराण्याचा ल्यूथरच्या पंथाशी संबंध जुना आहे, आणि त्यातूनच या पंथाची वाट मराठी राजवाड्यापर्यंत येऊन पोचते. तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला डॅनिश कंपनीने १६२० मध्ये डान्सबोर्ग किल्ला बांधला होता. डेन्मार्कच्या चौथ्या फ्रेडरिक राजाने धाडलेले त्सीगेनबाल्ग आणि प्लुत्शाऊ हे दोन जर्मन ल्यूथरपंथी मिशनरी ९ जुलै १७०६ रोजी तेथे उतरले. त्या वेळी भोवतालचा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा होता. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे गादीवर होते. याच मिशनमधला क्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ १७५० साली आला आणि पुढे तंजावरला स्थायिक झाला. तुळजाजीराजांनी मरतेसमयी दत्तक पुत्र सरफोजी याला त्याच्या स्वाधीन केले. श्वार्ट्झने त्या मुलाला शिकवले, राजवाड्यातल्या कारस्थानांपासून जपले, आणि गादीवरचा त्याचा हक्क इंग्रजांपुढे मांडला. सरस्वती महालाचे ग्रंथालय वाढवणारे सरफोजीराजे ते हेच.

तंजावरच्या शिवगंगा कोटात श्वार्ट्झने १७७९ साली बांधलेले चर्च आहे. विटेनबर्गप्रमाणे तेही कोटाच्या तटात, राजवाड्यापासून फार दूर नाही. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला. सरफोजींनी स्वतः हिंदू धर्मच पाळला. पण गुरूच्या थडग्याच्या दगडासाठी त्यांनी इंग्रजीत ओळी रचल्या, आणि लंडनचा नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून एक संगमरवरी शिल्प करवून या चर्चमध्ये बसवले. त्यात म्हातारा श्वार्ट्झ बिछान्यावर पडला आहे, पायांशी त्याच्या शाळेतली मुले उभी आहेत, आणि उशाशेजारी पागोटे घातलेला मराठी राजा त्याचा हात हातात घेऊन उभा आहे.